रेणुकाने उपास सोडले

वाटूरच्या रेणुकाचे उपास भावकीत नावाजलेले. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, काही सुटायचं नाही. चार वर्षांच्या छकुलीच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा तिने गुरुवारही धरला. नवरा परमेश्वर मेंढरांमागे रानात, ही लेकीला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात. लेकीला किमोचं सलाइन लावलेलं आणि आई मूठभर शेंगदाण्यांवर.

किमोने फुप्फुसात पसरलेला कॅन्सरचा ठिपका गेला, गाठही आक्रसली. पण लिव्हरचा एकही भाग धड राहिला नव्हता. ते सगळं काढायचं आणि घरच्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवायचा, एवढाच मार्ग उरला. परमेश्वरचा रक्तगट जुळेना. रेणुकाचा जुळला. ती हरखली, तोच डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला.

"तुमच्या अंगात रक्तच नाही. अशा बाईचं ऑपरेशन आम्ही करत नाही. उपास करता?"

"हिच्यासाठीच करते."

"मग हिच्यासाठीच सोडा. इंजेक्शनं देते, पोटभर जेवा. महिन्याभरात रक्त भरलं पाहिजे. त्यापुढे गाठ थांबायची नाही."

रेणुका बाहेर येऊन भिंतीला टेकली. ज्या पुण्याईवर भिस्त ठेवली, तिनेच वाट अडवली होती.

गावी परतली आणि पुढच्याच आठवड्यात अंगारकी आली. सासू आशाबाईने तिला राजूरच्या गणपतीला नेलं. दर्शन झालं, बाया झाडाखाली बसल्या, भगरीचे डबे उघडले. रेणुकाने फडक्यातून बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी काढली.

"अगं, अंगारकी हाये आज. येडी झाली का?" आशाबाईचा आवाज दबका.

"गणपतीला सांगून आले, आत्याबाई. म्हणलं, पाप लागलं तर माझ्या माथी, रक्त तेवढं भरू दे."

"लोकं बघून राह्यलेत."

"बघू द्या. ती मिरची द्या इकडं."

चुलतसासू शिवकन्या डब्यावरून म्हणाली, "पोरीच्या जातीसाठी पोट चिरून घेती व्हय? एवढं करून जगंल याची गॅरंटी दिली का डॉक्टरनं?"

"न्हाई दिली." रेणुकाने घास गिळला. "छकुलीच्या वेळी बाळंतपणातबी कोणी दिली नव्हती. तव्हा तुम्हीच म्हणल्या, जोर लाव. मंग लावून राह्यले."

शिवकन्याने भगर चिवडली. आशाबाईने मिरची पुढे सरकवली.

त्या महिन्यात रेणुका जेवली ते कुणाला न विचारता. भूक नसली तरी जेवली. घरात कुणी नाक मुरडलं, तर त्याच्यासमोर आणखी अर्धी भाकरी घेतली. फेरतपासणीत डॉक्टरीणबाईंनी दोनदा कागद पाहिला आणि ऑपरेशनची तारीख दिली.

निघायच्या दिवशी ती छकुलीला कडेवर घेऊन वाटूर फाट्यावरून पुण्याच्या एसटीत चढली. परमेश्वर पुढे जागा धरून होता. मागून पिशवी घेऊन आशाबाई चढली.

"तुम्ही कुठं, आत्याबाई?"

"तुम्ही दोघी पडून राहणार. तुम्हाला जेवू कोण घालंल? सरक तिकडं."