धावदोरा

आमच्या थोरल्या मामाचे कान मुंबईच्या गिरणीने खाल्ले आणि भावाचे पिठाच्या गिरणीने, अशी आमच्या घरची पक्की समजूत होती. मामाला मी पाहिलेलं नाही. तो कापडगिरणीत होता. तिथेच बहिरा झाला, मग अंगावर सूज आली म्हणून खेडजवळच्या आपल्या गावी परतला आणि ऐन तिशीत गेला. धाकट्या मामाने तर गिरणीचं तोंडही पाहिलं नव्हतं. तोही तसाच बहिरा होऊन, तसाच सुजून गेला. पण त्याच्या कानात म्हणे लहानपणी ओढ्यात, आमच्या पऱ्ह्यात, डुंबताना पाणी गेलं होतं. कारणांना आमच्याकडे कधी तोटा नसतो.

भाऊ माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. लहानपणी त्याचे कान असे तिखट की वळणावरची एसटी सगळ्यांच्या आधी त्याला ऐकू यायची. आम्ही गप्पा मारत उभे असायचो आणि हा मध्येच ओरडायचा, ‘आली गो ताई, पिशवी उचल!’ पुढे त्याने रत्नागिरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी घातली आणि विशी ओलांडता ओलांडता त्याला कमी ऐकू यायला लागलं. बायका डबा ठेवून हातवारे करत. जाडसर म्हणजे बोटं चोळायची, बारीक म्हणजे नुसतं फुंकायचं. गल्लीतली पोरं ‘बहिरोबा’ म्हणत आणि हा हसायचा. मला मात्र तिडीक यायची. मी एकदा एकाच्या थोबाडीत ठेवून दिली होती.

मग त्याचे पाय सुजले. चप्पल पायात जाईना. लघवीला साबणासारखा फेस. तेव्हा कुठे आई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, ‘माज्या भावांचा असाच झालेला.’ इतकी वर्षं तिने ते तोंडातून काढलं नव्हतं. काढून तरी काय होणार होतं? देवाला गाऱ्हाणी घालून झाली, नारळ ठेवून झाले. तोवर भावाच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बसल्या होत्या.

डायलिसिस सुरू झालं आणि मी जाहीर केलं, माझी किडनी घ्या. यात मोठेपणा नव्हता. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय, आता मशीनला बांधलेला बघवत नव्हता, एवढंच. आईला शुगर, तिची चालणार नव्हती. मुंबईला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘तू ठरवलंयस ना, मग मला कशाला विचारतेस?’ ते खरंच होतं. मी शिवणाच्या मशीनवर झाकण घातलं, गिऱ्हाइकांना सांगितलं की ब्लाऊज महिनाभर मिळणार नाहीत, आणि भावाला घेऊन हातखंब्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले.

तपासण्यांत माझ्या लघवीत रक्ताचा अंश निघाला. डोळ्यांना दिसत नव्हता, पण होता. डॉक्टरबाईंनी सुईने माझ्या किडनीचा तुकडा काढून मुंबईला पाठवला. भावाचा आधीच गेला होता. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला एकटीलाच आत बोलावलं.

त्यांनी संगणकावर एक फोटो काढला. काळ्या पाटीवर हिरव्या रेघा. ‘ही निरोगी माणसाची किडनी,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही काय करता?’ मी म्हटलं, ‘शिवणकाम.’ ‘मग बरं झालं. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक गुंडाळ्या असतात. प्रत्येक गुंडाळीतल्या नळीला आतून अस्तर असतं. ते पेशींचं नसतं, पेशींच्या बाहेर विणलेल्या प्रथिनांचं असतं. ही हिरवी रेघ म्हणजे त्यातलं एक प्रथिन. बघा, गुंडाळीच्या प्रत्येक वळशाला आहे. गुंडाळी ज्या वाटीत बसते त्या वाटीच्या काठालाही आहे. आणि इथे, पुढच्या काही नळ्यांना. सगळ्या नळ्यांना नसतं, ज्यांना हवं त्यांनाच.’

मी बघत राहिले. ती किडनी कुणाची होती कोण जाणे. पण काय काम होतं हो! एक टाका चुकलेला नाही. वळशावर वळसा, आणि रेघ सगळीकडे अखंड. मी वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, मुंढ्याला अशी टीप मला एकदाही जमलेली नाही. आणि ही असली कारागिरी ज्याच्या त्याच्या पोटात फुकट घातलेली असते, याचा मला त्या क्षणी नुसता राग आला.

मग भावाचा फोटो. काळा. गुंडाळीचा आकार अंधूक कळत होता, पण हिरवं कुठेच नाही. ना वळशांना, ना वाटीच्या काठाला. बॉबिन संपली की मशीन चालत राहते, सुईची भोकं पडत जातात आणि दोरा मात्र नसतो, तसं.

‘हेच प्रथिन कानातही असतं,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘म्हणून ऐकू येत नाही. गिरणीचा काही संबंध नाही.’

मी म्हटलं, ‘आणि माझा?’

माझ्या फोटोत रेघ होती. थोडी होती, मग नव्हती, मग परत होती. शिकाऊ पोरगी पहिल्या दिवशी घालते तो धावदोरा. टाका वर दिसतो, मग खाली जातो, मध्ये नुसतं कापड. मी तिथेच समजले. धावदोऱ्यावर कापड तात्पुरतं धरतं, त्यावर कुणी ब्लाऊज घालून लग्नाला जात नाही.

‘तुमच्या आईकडून आलंय,’ त्या म्हणाल्या. ‘बाईला निभावून नेता येतं. पुरुषाला नाही. तुम्हाला तुमच्या दोन्ही किडन्या लागणार आहेत.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला मुलगा आहे?’

आहे. दहा वर्षांचा.

त्यांनी समजावून सांगितलं. त्याच्याकडे गेलं असेल किंवा नसेल. गेलं असेल तर कान पुढे, मोठेपणी जातात, आता कळणार नाही. लघवीत मात्र आधी कळतं. लवकर कळलं तर गोळ्यांनी बरीच वर्षं लांबवता येतं. मी मान हलवत होते. अर्धं ऐकलं, अर्धं नाही.

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. माझा चेहरा बघून त्याने हातानेच विचारलं, काय? हळू सांगायची सोय नव्हती. त्या भरलेल्या पॅसेजमध्ये मी घसा फोडून ओरडले, ‘माझी चालत नाही!’ सगळे वळून बघायला लागले. त्याला कळलं. ‘बरं झालं,’ तो म्हणाला, ‘तू आधीच वाळकी.’ एवढंच मी त्याला सांगितलं. बाकीचं ओरडून सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

तेव्हापासून मी मुलाशी मोठ्याने बोलते. मुद्दाम. हळू हाक मारली आणि तो वळला नाही तर काय, या भीतीने मी हळू हाक मारायचंच सोडून दिलं. शेजारीण म्हणाली, तुमचा आवाज हल्ली फारच वाढलाय बाई. वाढू दे मेला.

परवा भाऊ डायलिसिसहून येऊन पडवीत टेकला होता. हाताला पट्टी, तोंडावर राखेची कळा. मुलगा आमच्याकडे पाठ करून बॅटला सुतळी गुंडाळत होता. मी त्याला जेवायला हाक मारली. भावाला ऐकू येत नाही, पण तो माझ्या मानेच्या शिरा बघतो.

‘काय गो, एवढी बोंबलतेस कशाला? बहिरा मी हाय, तो नाय.’

मी मुलाच्या पाठमोऱ्या कानांकडे बघितलं. तो बघतच राहिला माझ्याकडे. मग त्याला समजलं. इतका वेळ कसं समजलं नाही याचंच मला नवल वाटलं.

‘हळू मार हाक,’ तो म्हणाला.

‘नको रे,’ मी मान हलवली.

‘मार म्हणतो ना!’

टाचण्या तोंडात धरून बोलते ना, तेवढ्याच आवाजात मी मुलाचं नाव घेतलं. तो लगेच वळला. ‘काय गं आई?’

भावाने ते वळणं पाहिलं आणि माझ्या पाठीत केवढी थाप मारली! ‘बघ! सुटलीस. तो सुटला!’ कितीतरी दिवसांनी तो असा हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. काय करणार?

कान पुढे जातात, हे मी त्याला त्या पॅसेजमध्ये सांगितलंच नव्हतं. वळणावरची एसटी सगळ्यांच्या आधी कुणाला ऐकू यायची, हे तो विसरला होता, आणि मी आठवण करून दिली नाही. दोघांना पानं वाढली. मुलाची लघवी तपासायला द्यायची बाटली मी सकाळीच औषधांच्या दुकानातून आणून बॉबिनच्या डब्यामागे ठेवली होती.