मिशी येईपर्यंत हलकी जोडी

सुतक फिटलं आणि उजाडायच्या आतच नीलकंठ लक्ष्मी गेटाजवळच्या तालमीकडे पळत सुटला. टहरौली गावच्या निपुत्रिक काकांना अग्नी त्यानंच दिला होता. त्यामुळे इतके दिवस तालमीतल्या मारुतीला शिवायचं नाही, व्यायामाच्या लाकडी मुद्गलांना हात लावायचा नाही. घरात बसून रेल्वे कारखान्यातल्या या फिटरचे हात नुसते शिवशिवत होते.

त्यानं मातीला हात लावून कपाळाला टेकवला आणि थेट आपली मुद्गलांची मोठी जोडी उचलायला गेला.

"ए भैया, वो नहीं!" जयसिंग वस्ताद ओरडले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "नवा आहेस ना? ती छोटी घे."

नीलकंठचं डोकंच फिरलं. नवा? मी? मग हात ओठावर गेला आणि उलगडा झाला. काकांपायी डोक्याबरोबर मिशीही उतरवली होती, आणि वस्ताद तर त्याला त्या झुपकेदार मिशीवरूनच ओळखायचे.

'बघाच आता!' असं मनात म्हणत त्यानं नवशिक्यांची ती जोडी उचलली आणि गरगर फिरवायला लागला. काय तो आनंद! सगळं अंग जागं झालं. थोड्याच वेळात धाप लागली, खांदे भरून आले, तरी जोडी खाली ठेववेना.

वस्ताद जवळ आले, त्याचा दंड चाचपला आणि खो खो हसले. "अरे, नीलकंठ! हात तुझाच रे, पण दम कुठे गेला? आता मिशी येईपर्यंत हीच जोडी!"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. नीलकंठ धावतच निघाला, आणि वाटभर ओठावरून बोट फिरवत खुंट लागतात का ते बघत राहिला.