पत्रावळीची बातमी

माझ्या मुलीच्या वयाच्या एका पोरीचा मला हेवा वाटतो. कुणाला सांगितलं नाही कधी, पण सांगायची गरजही पडत नाही. माझ्या तोंडावर सगळं वाचता येतं म्हणतात. ती एका मोठ्या पेपरची बातमीदार. साखळी योजना, दामदुप्पट, पळून गेलेली कंपनी, कुठं पैशाचं काही सडलं की ते खणून वर आणायचं, हे तिचं काम. मी पण बातमीदारच, चिखलीची. पण माझं काम वेगळं.

आमच्या ह्यांची पेपरची एजन्सी आहे. पहाटे गठ्ठे आमच्या ओट्यावर उतरतात. माझी शाळा सातवीत सुटली आणि लग्न होऊन मी आले ती थेट त्या गठ्ठ्यांत. पेपर लावता लावता वाचायला लागले आणि वाचता वाचता वाटलं, एवढं तर आपण पण लिहू. चिखली-मेहकर भागापुरता एक छोटा पेपर निघतो, त्यांचा इथला माणूस नोकरी लागून गेला. ह्यांनी थट्टेत माझं नाव सुचवलं आणि त्या लोकांनी खरंच ठेवून घेतलं. तेव्हापासून मी लिहिते. सप्ताह, भंडारा, सत्कार, शाळेचं गॅदरिंग, पोळ्याला कोणाची जोडी पहिली आली ते. आणि माझ्या बातमीत नावं असतात. अध्यक्ष कोण, नारळ कोणी फोडला, वांगी कोणी चिरली, सगळ्यांची. ज्याचं नाव छापलं त्याच्या घरी पेपर जातो, आणि शेजारचा आपलं नाव का नाही हे बघायला घेतो. पेपर असाच खपतो, मला कुणी शिकवायला नको.

तर करोनानंतरचा एक उन्हाळा. त्या साली मी जिथं जेवायला बसले तिथं एकच पत्रावळ. कागदाची, मधे हिरव्या पानाचं चित्र, काठ एका बाजूनं दबलेला. बट्टी कुस्करून वरण घेतलं की खालून ओली व्हायची, लुगड्यावर डाग. मी म्हटलं, कुठं स्वस्तात मिळत असतील. मग एका भंडाऱ्यात माईकवरून पुकारलं, पत्रावळी गावातल्या महिलांकडून. पुढच्या गावात पण तेच. त्याच्या पुढच्या पण. मला भरून आलं हो. हातावर पोट असलेल्या बाया, आणि थप्प्याच्या थप्प्या देवाच्या नावानं देतात. मी झकास बातमी केली, ‘पत्रावळी दानातून महिलांचा आदर्श’. गावामागून गाव केलं, आणि प्रत्येक बाईचं नाव.

एका दुपारी ती पोरगी आली. स्कूटी लावली, ओट्यावर बसली, बिनसाखरेचा चहा मागितला. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या तरुण माणसाचा मला भरवसा वाटत नाही, पण केला. तिनं पिशवीतून कात्रणं काढली आणि पसरली. माझ्या बातम्या. कडेनं नीट कापलेल्या. खरं सांगते, पहिल्यांदा आनंदच झाला. माझी बातमी आजवर कुणी कापून ठेवली नव्हती, घरच्यांनीही नाही.

“काकू, ह्या तुमच्याच ना?”

“हाव, माह्याच. काऊन? आवडल्या का तुले?”

“ह्या बायांनी एवढ्या पत्रावळी आनल्या कुठून?”

“घेतल्या असतीन.”

“रोजमजुरीच्या बाया, काकू. आन साऱ्या गावांत एकाच चित्राच्या?”

मी कात्रणं जवळ ओढून पुन्हा बघायला लागले.

मग तिनं सांगितलं. एक कंपनी आली होती. पैसे भरा, पत्रावळीचं मशीन न्या, घरी बसून पत्रावळी करा, आम्ही विकत घेऊ. पहिला माल रोखीनं उचलला, चारचौघींना दिसावं म्हणून. ते बघून आणखी बायांनी पैसे भरले. त्यानंतर प्रत्येक माल नापास. काठ दबलाय, कागद ओला आहे, पुढच्या वेळी बघू. शेवटी चिखलीतलं ऑफिस कुलूपबंद. घरात पत्रावळींचे ढीग, आणि घरच्या माणसाला पैसे भरल्याचा पत्ता नाही.

“मंग देवाच्या पंगतीत देऊन टाकल्या,” ती म्हणाली. “तिथं कोनी इचारत नाही. तुमी नावं छापली म्हनून मले गावं सापडली. पन बाया माह्याशी बोलत नाहीत, काकू. तुमी चाला ना संग.”

“बातमीवर नाव कोनाचं येईन?”

खोटं बोलता आलं असतं तिला. नाही बोलली. “माह्यं,” म्हणाली. “माह्या पेपरात येईन ना.”

“पाह्यते,” म्हटलं, आणि तिचा कप उचलून आत गेले.

रात्रभर जळत होते मी. जेवले मी त्या पत्रावळीवर, लुगडं माझं खराब झालं, गावं माझी, बाया माझ्या, आणि नाव तिचं? सकाळी उठले ती तडक हिवरा आश्रमाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसले. रस्त्यातल्या एका खेड्यात उतरले. म्हटलं, आपणच लिहू. तिच्या आधी लिहू.

ज्या बाईचं नाव माझ्या बातमीत सगळ्यात पहिलं होतं तिच्याकडं गेले. शेजारच्या दोघी-तिघी पण येऊन बसल्या. चहा झाला, पोरांच्या परीक्षा झाल्या, कुणाच्या तरी सुनेचं झालं. मग मी कोठीच्या मागं बोट दाखवलं. तिथं पत्रावळींची थप्पी, वर गोधडी टाकून झाकलेली. बाई रडायला लागली. गळ्यातल्या पोतीतले सोन्याचे मणी मोडून पैसे भरले होते तिनं.

“मी छापते,” म्हटलं. “त्या कंपनीवाल्याले सोडत नाही.”

“नका वो काकू. तुमी दानाचं छापलं तवाच घरात तमाशा झाला. मालक म्हने, एवढ्या पत्रावळी आल्या कुठून? म्या सांगतलं, बचत गटानं देल्ल्या. आता खरं छापून आलं तर मले माहेरी धाडतीन.”

“नाव नाही टाकत ना बाई.”

“तुमी?” दुसरी म्हणाली. “तुमच्या बातमीत त कुत्र्याचंबी नाव राह्यते.”

रडणारी पण हसली. तिसरी म्हणाली, “राग नका मानू काकू, तुमी लय मायाळू हा. पन तुमच्या पोटात सकाळचं पानी संध्याकाळलोक राहात नाही.”

मला ते लागलं. तरी अंगणात जाऊन ऑफिसला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, बाई, कंपनीचा एक कागद नाही, एका बाईचं नाव नाही, कशाच्या जोरावर छापू? फोन ठेवून आत आले, तर मणी मोडलेल्या बाईनं विचारलं, “ती स्कूटीवाली पोरगी येऊन गेली व्हती. कशी आहे वो ते?”

एक वाकडा शब्द बोलले असते तर संपलं होतं तिचं. आणि मी बोलले सुद्धा, जे मनात होतं ते सगळं. “ते? ते घुमी आहे. इतकी वर्षं झाली चिखलीत राह्यते, कोनाच्या घरी जेवली नाही, कोनाजवळ बसली नाही. माहेर कोनतं, लगन झालं का नाही, कोनाले पत्ता नाही. तिच्या पोटातलं बाहेर येतच नाही.”

बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

“मंग तिलेच धाडा, काकू,” मणीवाली म्हणाली.

काय करणार? धाडलं. पहिल्या दिवशी तर सोबत जाऊन बसले, बायांना धीर वाटावा म्हणून. पण दाराजवळ बसले, आणि तिनं काय काय विचारलं ते कान देऊन ऐकलं. मी विचारलं असतं त्याच्या निम्मं पण विचारत नव्हती ती. नुसती बसायची. आणि बाया बोलायच्या.

मग तिनं नागपूरचा पत्ता गाठला. कंपनीचं मोठं ऑफिस म्हणून जो कागदावर होता तिथं पिठाची गिरणी निघाली. ज्याच्या नावावर कंपनी, तो त्याच गिरणीत दळण टाकणारा गडी, त्याला काही माहीत नाही. सगळं छापून आलं, रोज एक भाग, पहिल्या पानावर, वर तिचं नाव ठळक. आत मात्र ‘एक महिला’, ‘दुसरी महिला’, ‘शेजारच्या गावची महिला’. ही कसली बातमी, म्हटलं. पण त्या आठवड्यात तिच्या पेपरचे जादा गठ्ठे मागवावे लागले, आणि ते सोडायला पहाटे ओट्यावर मीच.

आमचे हे उभ्या उभ्या वाचायचे. चहाची कपबशी माझ्या पेपरवर.

“पोरीनं काय लेहलं, पाह्य बरं. नुसत्या पत्रावळीवरून धरलं.”

“मी जेवली ना त्याच पत्रावळीवर.”

“जेवलो त मीबी व्हतो,” हे म्हणाले, आणि पान उलटलं.

पुढं शहरात तिचा सत्कार झाला. भाषणात म्हणाली म्हणे, एका स्थानिक सहकाऱ्याच्या बातम्यांवरून पहिला धागा मिळाला. स्थानिक सहकारी. नाव नाही. सवयच तिला. थोड्याच दिवसांत तिला नागपूरला बोलावून घेतलं, मोठ्या जागेवर. जाताना पाया पडून गेली. मी चांगला आशीर्वाद दिला, तोंडानं तरी.

कंपनीचा खरा माणूस सापडला, पण पोलीस म्हणाले, तक्रारी पाहिजेत. ‘एक महिला’ म्हणून तक्रार होत नाही. आता या बाया कशा येतात, मला वाटलं. पण ती मणीवाली भारी निघाली. तिचा नवरा पारावर कुणाला तरी पेपर वाचून दाखवत होता. घरी येऊन म्हणाला, कोन बिचारी आहे, मनी मोडले म्हने. तिनं भाकर थापता थापता सांगितलं, मीच ते. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो ठरवून आला.

त्या टेम्पोतून बाया चिखलीला आल्या, आधी माझ्या ओट्यावर, मग मला घेऊन ठाण्यात. आणि सोबत काय, तर मशीन. दोघींनी उचलून सरळ ठाणेदाराच्या टेबलावर ठेवलं.

“हे कशाले आनलं?” ठाणेदार म्हणाले.

“साहेब, आमाले सांगता बरोबर येनार नाही. हे पाहा, हेच देल्लं,” आणि मणीवालीनं कागद लावला, दांडी दाबली, आणि एक पत्रावळ काढून त्यांच्या पुढं ठेवली. काठ एका बाजूनं दबलेला. “हे नापास म्हने. मशीनच तसं, तर माल कसा पास होईन?”

ठाणेदारांनी पत्रावळ हातात घेऊन फिरवून बघितली आणि शिपायाला म्हणाले, लिहून घे, पहिल्यापासून. एकेकीनं आपापलं नाव सांगितलं, नवऱ्याचं, गावाचं. मी पटकन मोबाईलवर फोटो काढला.

बाहेर बाकावर बसले तोच नागपूरहून फोन. “काकू, बाया आल्या म्हने? किती जनी? काय म्हनले ठानेदार?”

“उद्या वाच माह्या पेपरात,” म्हटलं आणि ठेवला. असा गोड वाटला तो क्षण, काय सांगू.

शेजारी जबाब देऊन आलेली मणीवाली बसली होती. “कोन व्हती? तेच का? मंग सांगा ना तिले.”

“काऊन? मी लेहते ना.”

“तुमी लेहा ना. पन नांदुऱ्याकडं माह्या मामेबहिनीनं हेच मशीन घेतलं हाय. तिकडं तुमचा पेपर नाही जात, काकू. तिचा जाते. तिकडल्या बायाइनंबी वाचलं पायजे, की नाव सांगतलं त कोनी खात नाही.”

तिला काय ठाऊक मी काय धरून बसले होते. किंवा ठाऊक असेल. मी जरा वेळ ठाण्याच्या फाटकाकडं बघत बसले, मग फोन लावला. सांगितलं. किती बाया, कोणती गावं, ठाणेदार काय म्हणाले, तक्रार कशी घेतली, पुढं काय होणार. ती पलीकडं ऐकत राहिली, नेहमीसारखी. सगळं सांगितलं. फक्त मशीनचं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिची बातमी पहिल्या पानावर, चांगली मोठी, नाव ठळक. माझी आतल्या पानावर खाली, वर ‘वार्ताहर, चिखली’ एवढंच. पण माझ्या बातमीत ते मशीन होतं, ठाणेदारांचं टेबल होतं, आणि ती नापास पत्रावळ.

दुपारी फोन आला. “काकू, मशीनचं नाही सांगतलं तुमी मले.”

“राहून गेलं गं. वय झालं आता.”

“टेबलावर ठेवून चालवून दाखवलं?”

“दाखवलं त.”

मग म्हणाली, “फोटो असंन ना, काकू? धाडता का? नाव टाकते तुमचं खाली.”

“शोधा लागंन,” म्हटलं. फोटो माझ्या मोबाईलमध्ये सगळ्यात पहिलाच होता. तो मी रात्री उशिरा धाडला. तोवर तिच्या पेपरची पानं लागून छापायला गेलेली असतात, हे मला माहीत आहे.