आरोग्यवहीतल्या पायऱ्या

वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक जाडजूड वही दोरीनं बांधून ठेवलेली असे. ती वस्तीची आरोग्यवही. कान कुठे तपासतात, दात काढताना हलका हात कुणाचा, जोडीदार गेल्यावर ज्यांना घर खायला उठतं अशी मंडळी कुठल्या वारी गप्पांना जमतात, सगळं तिच्यात. ज्यानं स्वतः जाऊन पाहिलं त्यानंच लिहायचं, खाली तारीख आणि सही. कारभार ग्रंथपालबाईंचा, आणि त्यांच्या वहीत कुणी वेडंवाकडं खरडलेलं त्यांना खपत नसे.

मास्तरांनी नेमकं तेच केलं. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. खाली दुकान, वर घर. तसा माणूस थंड डोक्याचा, पण माप चुकलेलं दिसलं की कपाळाची शीर उठायची. वहीत वाचून ते बायकोला गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वहीत 'पहिला मजला' एवढंच होतं. नवव्या पायरीवर ती मटकन खाली बसली. वर चढवेना, खाली उतरवेना. लोक अंग चोरून शेजारून जात होते आणि ती चारचौघांत रडत होती. घरी कशीबशी पोचल्यावर म्हणाली, "मला आता कुठंही न्यायचं नाही."

आणि ती खरोखरच खाली उतरली नाही. दुकानातल्या ज्या स्टुलावर बसून तिनं तीस वर्षं काजं-बटणं केली, त्यावर चिंध्यांचा ढीग साचला.

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरांच्या नावापुढं रागारागानं लिहिलं: "पायऱ्या चोवीस. उंची साडेआठ इंच. कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यानं उडत जायचं का?"

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, शेवटचं वाक्य खोडा. बाकीचं राहू द्या."

आठवड्याभरात त्याखाली तिघांनी आभार मानले. बाईंनी पट्टी घेऊन वहीत पायऱ्या-दारांच्या मापांचा नवा रकाना आखला आणि तो भरायचं काम मास्तरांच्याच गळ्यात पडलं. दर सोमवारी दुकान बंद ठेवून ते गळ्यात टेप अडकवून निघत. एका दवाखान्यात तर ते दार मोजताना डॉक्टर लगबगीनं बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, बांधकामाची परवानगी आहे हो आमच्याकडे!" मास्तरांनी शांतपणे 'दार अठ्ठावीस इंच' लिहून घेतलं आणि आपण शिंपी असल्याचं जाताना सांगितलं.

असे आठ महिने गेले. मग एका सोमवारी त्यांना हवी ती जागा सापडली. दोन गल्ल्या पलीकडे एक ताई गुडघ्यांचे व्यायाम शिकवत. तळमजला, एकच पायरी, ती चार इंचांची. मास्तर जवळजवळ धावतच घरी आले.

बायको जिन्याच्या दारात बसून भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि आपल्या पायऱ्या किती?"

मास्तर वाकून जिन्याकडे बघू लागले.

"सतरा," ती म्हणाली. "रोज इथं बसून मोजतेय मी."

गावभर टेप फिरवला आणि घरचा जिना तेवढा राहिला. मास्तरांनी तिथल्या तिथं पायऱ्या मोजल्या. कुठं सात इंच, कुठं नऊ, शेवटची तर चक्क दहा. अशा बाह्या शिवल्या असत्या तर गिऱ्हाईकानं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

"मी उचलून नेतो," ते म्हणाले.

"पोतं आहे का मी?"

ते तडक वाचनालयात गेले आणि घरच्या पायऱ्या वहीत लिहायला लागले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, इथं जे मिळतं ते लिहितात."

"मग जे हवंय ते कुठं लिहायचं?"

बाईंनी वही उलटी केली आणि मागचं कोरं पान उघडून दिलं. मास्तरांनी लिहिलं: "कोपऱ्यावरच्या शिंप्याचं घर. पायऱ्या सतरा, शेवटची दहा इंच. कठडा नाही. बायकोला खाली उतरायचं आहे."

चौथ्या दिवशी एक सुतार लाकूड घेऊन दारात हजर. आईला कानाचं यंत्र कुठं बसवायचं हे त्याला याच वहीत सापडलं होतं. त्यानं कठडा ठोकला, शेवटच्या पायरीपुढं पाच इंचांचा ठोकळा पक्का केला. व्यायामाच्या ताई एकदा वर येऊन शिकवून गेल्या: उतरताना जास्त दुखणारा पाय आधी.

सोमवारी मास्तर दोन पायऱ्या खाली हात पसरून उभे राहिले.

"बाजूला व्हा हो, पायरी दिसत नाही."

ती मोठ्यानं मोजत, थांबत थांबत उतरली. मधे एकदा कठडा घट्ट धरून बराच वेळ उभी राहिली. सतरा झाल्या, ठोकळा झाला. मग ती ताईंच्या वाटेला न लागता दुकानाकडे वळली.

"कुलूप काढा."

आत जाऊन तिनं टांगलेला एक शर्ट हातात घेतला. "ही काजं कुणी केली?"

"मीच."

"आठ महिने लोक असलं घालून हिंडतायत?" तिनं स्टुलावरच्या चिंध्या खाली ढकलल्या, बसली आणि हात पुढं केला. "कात्री द्या."

"अगं, ताईंनी दहाची वेळ दिलीय."

"त्यांना सांगा, खाली आलेय. एवढं उसवते आणि येते."

मास्तरांनी डोळे पुसत फोन लावला. "ताई, ही..." पुढचं पलीकडून ताईच म्हणाल्या, "उतरल्या ना? मग येऊ द्या सावकाश."