पेटलेल्या पाण्याचा साक्षीदार

येसू हवालदारांना बसून बोलता येत नसे. 'आज ऊन लय हाय' एवढंच सांगायचं असलं तरी ते वाक्य बसून सुरू करत आणि 'लय'पाशी आले की उभे राहत. गोष्ट मोठी असली तर छाती पुढे, टाचा जुळलेल्या आणि हात पाटलोणीच्या शिवणीला. पलूसजवळच्या त्या गावी मी शाळामास्तर म्हणून नवा हजर झालो, त्याच संध्याकाळी चावडीसमोर दहा-बारा माणसं जमिनीवर बसलेली आणि मधोमध एक उंच, मिशाळ गृहस्थ एकटाच उभा, असं दृश्य मी पाहिलं. मला वाटलं, याचा काही गुन्हा पकडलाय आणि चौकशी चालली आहे. जवळ गेलो तर गृहस्थ इटलीतल्या कोंबड्यांविषयी सांगत होता.

लढाई संपून तेव्हा वर्ष झालं होतं. हवालदार बसरा, मिसर, इटली बघून पेन्शनीत आले होते. गावची पुष्कळ पोरं पलटणीत होती, पण ती सुट्टीवर आली की नुसती झोपत. हवालदार बोलत. साहेबाच्या मडमेला त्यांच्या हातची चटणी खाऊन रडू फुटलेलं, मिसरातला उंट त्यांना बघून सलाम ठोकायचा. कुणी हसलं की ते म्हणत, "हसा, हसा. खोटं बोलून माजी पेन्शन वाढणार हाय व्हय?" गाव त्यांना तोंडावर थापाड्या म्हणे आणि दिवेलागण झाली की त्यांची वाट बघे. मला हा माणूस मनापासून आवडत होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत जास्त हशा घेई ती पेटलेल्या पाण्याची. मुंबईहून बसऱ्याला जाताना म्हणे जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाणी निळं पेटलं होतं. "निळं म्हंजी कसं, मोराच्या मानंसारखं. मासा पळाला की त्येच्यामागं जाळ पळतोय. हात घाला, हात पेटतोय, पर भाजत न्हाई!" मग कुणीतरी विचारी, "मग हवालदार, त्येच्यावर चहा ठिवला का न्हाई?" आणि मंडळी मांड्यांवर थापा मारत.

या हसण्याची किंमत एक दिवस तानूवहिनींना मोजायची वेळ आली. तानूवहिनी म्हणजे गावातल्या विधवा बाई, पदरात दोन मुली आणि विहिरीखाली दीड एकर. विहीर त्यांच्या नवऱ्याची आणि थोरल्या दिराची, शिरपाची, समाईक. नवरा गेला आणि शिरपानं वहिनींच्या रानाला मोटेचं पाणी सोडायचंच बंद केलं. पाण्याची पाळी वाटून दिलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. "आमच्यात कसलं बोलणंच झालं न्हाई," हे त्याचं पाठ केलेलं वाक्य. वहिनींचा गहू उभ्या उभ्या वाळत चालला. साक्षीदार फक्त एकच होता. दोघा भावांचं बोलणं झालं तेव्हा सुट्टीवर आलेले येसू हवालदार मोटेचं पाणी ओततात त्या थारोळ्यात पाय धूत होते.

त्या काळात आमच्याकडे कोर्टाची पायरी कुणी चढत नसे, पंच गावातच न्याय करत. पंचांत वडीलधारे आप्पा. हवालदार उभे राहिले आणि म्हणाले, "आठ दिसाच्या पाळीत चार थोरल्याचं, चार धाकट्याचं. माज्या म्होरं ठरलं." शिरपा हसून म्हणाला, "आप्पा, ह्यो गडी म्हणतोय पाणी पेटतंय. आन् पाण्याच्या पाळीला ह्येचीच साक्ष?"

पंचांनाही ते पटू लागलं. तानूवहिनी दाराआडून म्हणाल्या, "मग पेटतं का न्हाई ते जाऊन बघा की." बाईमाणसानं रागानं काढलेले उद्गार, पण आप्पांनी ते उचलून धरले. मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की आप्पांनी साठ वर्षांत समुद्र पाहिला नव्हता आणि मरायच्या आधी तो पाहायची त्यांना हौस होती. न्याय आणि हौस एकत्र आली की पंचायत झपाट्यानं काम करते. ठरलं: पाणी पेटलं तर हवालदाराची साक्ष खरी, न पेटलं तर विहीर शिरपाची. मला बरोबर घेतलं ते पंचनामा लिहायला.

निघायचं कधी? हवालदार म्हणाले, कवाबी चला. आप्पा म्हणाले, कधीही कसं? अमावस्येला गावाची शीव ओलांडायची नाही. पौर्णिमेला जाऊ. रात्रीचं पाणी बघायचं तर लख्ख चांदणं नको का? हे सर्वांना इतकं पटलं की मी पदवीधर होण्याच्या वाटेवरचा माणूस, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडे गाड्या जुंपायच्या त्या चांदण्यात, जत्रा भरायच्या त्या चांदण्यात.

कऱ्हाडहून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आप्पा, हवालदार, शिरपा, तानूवहिनी आणि मी असे पाच जण घाट उतरलो आणि दाभोळच्या खाडीकाठी एका देवळाच्या ओसरीवर उतरलो. आप्पांनी दम भरला होता की कशासाठी आलोय ते कुणाला सांगायचं नाही. "कोकणी मानूस हुशार. हवालदारानं फितवला तर पान्यात कायबी कालवंल." त्यामुळे होडीवाल्या तांडेलाला आम्ही फक्त फेरफटका मारायचाय म्हणून सांगितलं. घाटावरची चार माणसं आणि एक बाई थंडीत कशासाठी फेरफटका मारतायत, हे त्याला समजलं नाही, पण त्यानं विचारलं नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी होडी निघाली. सूर्य मावळला आणि समोरून परातीएवढा चंद्र वर आला. खाडी दुधासारखी पांढरी झाली. आप्पांनी दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून पाण्याकडे डोळे लावले. हवालदार उभे राहून "आता बघा, आता बघा" म्हणू लागले, तशी होडी डावीकडे कलली, शिरपा किंचाळला आणि तांडेल ओरडला, "अवो, बसा खाली! माका बुडवतास काय?" हवालदार बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उभे राहिले. त्या रात्री ते नऊ वेळा उभे राहिले आणि पाणी एकदाही पेटलं नाही. तानूवहिनी वल्ह्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं.

किनाऱ्याला लागल्यावर शिरपा म्हणाला, "मास्तर, लिवा. पाणी वलं हाय, पेटत न्हाई." मी लिहिलं नाही, शाई नाही असं खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परतायचं तर मोटारीचा बंब फुटलेला. ड्रायव्हर म्हणाला, चार दिवस लागतील. ते चार दिवस हवालदार ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे उभे राहायचाही प्रश्न आला नाही. मी शेजारी जाऊन बसलो तर पुटपुटले, "मास्तर, म्या बघितलंय वो. आता बाईचं रान माज्यापायी वाळणार." तानूवहिनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी हवालदारांच्या ताटात नेहमीसारख्या दोन वाढल्या, पण ताट जरा आपटून ठेवलं.

चौथ्या दिवशी संकष्टी आली. आप्पांचा उपास कडक. चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. दिवस मावळला तशी आप्पांना भूक आवरेना. ओसरीसमोर डोंगर, त्यात चंद्र दिसणार आणखी उशिरा. आप्पांनी डोकं लढवलं: खाडीच्या मध्यावर गेलं की डोंगर आड येणार नाही, तिथे चंद्र लवकर उगवेल. वहिनींनी उपास सोडायचं जेवण फडक्यात बांधलं आणि पुन्हा आमची वरात होडीत बसली. या वेळी पाण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे आप्पांसाठी आभाळाकडे बघत होते. असा काळोख होता की शेजारच्याची टोपी दिसत नव्हती.

मला आठवतंय, पहिल्यांदा तानूवहिनी बोलल्या. "आगं बया," एवढंच. तांडेलानं वल्हं पाण्यात घातलं होतं आणि वल्ह्याभोवती निळा जाळ उसळला होता. वल्हं वर आलं तसे निळे थेंब टपटपले. होडीच्या मागे निळी वाट पडत चालली होती. खाली एक मासा सळकन पळाला आणि त्याच्यामागे रेघ पळाली. वहिनींनी हात पाण्यात घातला, ओंजळ वर काढली, आणि बोटांच्या फटींतून उजेड गळताना आम्ही सर्वांनी पाहिला. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो.

"पाणी पेटलंय!" आप्पा ओरडले.

"पेटतंच वो थंडीत," तांडेल जांभई देत म्हणाला. "काळोख असला की दिसता. पुनवेक कसा दिसायचा?"

हवालदारांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं तिच्या! जहाजावर बिडी वढायलाबी बंदी हुती. समदा अंधार. त्या अंधाराचं मला कवा सुचलंच न्हाई!" मग ते उभे राहतील म्हणून आम्ही चौघांनी दोन्ही बाजूंनी होडी धरून ठेवली. पण ते उभे राहिले नाहीत.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "येसू, तू खरा. आमी तुला थापाड्या म्हणलो, आमचं चुकलं. तुजी साक्ष पंचांनी मानली. आता एकदा सांग, म्हंजी मास्तर लिवत्याल."

हवालदार बसल्या बसल्याच म्हणाले, "आप्पा, चार न्हाई. तीन."

"काय तीन?"

"तीन दिस ठरलं हुतं. चौथा म्या घातला. बाई एकली हाय, दोन पोरी हायत, म्हणून." मग म्हणाले, "तवा माज्यावर कुणाचा इस्वास न्हवता, एक दिस वाढवून सांगाय काय वाटलं न्हाई. आता तुमी समद्यांनी मानलं. आता जीभ उचलंना झालीया."

मी तानूवहिनींकडे पाहिलं, अंधारात काही दिसलं नाही. तेवढ्यात शिरपा आनंदानं उसळला. "बघा! बघा आप्पा! तीनच! म्या त्येला तीनच दिलं हुतं आन् ह्यो चार करून सांगत हुता!"

"कवा दिलं हुतंस रं?" आप्पांनी मऊ आवाजात विचारलं.

"त्याच दिशी की, थारोळ्यापाशी..." आणि शिरपा थांबला.

"तुमच्यात कसलं बोलणंच झालं न्हवतं न्हवं?"

पहिल्यांदा तांडेल हसला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी हसला. मग आम्ही सगळे इतके हसलो की होडी पुन्हा कलली. डोंगराच्या कडेला चंद्र उगवला, पाणी हळूहळू विझलं, आप्पांनी हात जोडले आणि शिरपाच्या वाटची भाकरीसुद्धा खाल्ली. पंचनाम्यात मी लिहिलं: पाणी पेटते, भाजत नाही. तानूबाईस आठांपैकी तीन दिवस पाळी.

गावात आल्यावर सगळे खूश, एकट्या तानूवहिनी सोडून. गहू वाचला, पण त्यांनी हवालदारांशी बोलणं टाकलं. समोरून आले की पदर ओढून वाट बदलायच्या. आणि हवालदारांवर दुसरीच आपत्ती आली. गाव त्यांचं सगळंच खरं मानू लागलं. ते चावडीसमोर उभे राहून मिसरातल्या कलिंगडाची गोष्ट सुरू करत, ते उचलायला दोन शिपाई लागायचे, तर लोक गंभीरपणे माना हलवत. "व्हय, असंल. हवालदार म्हणत्यात म्हंजी असंलच." कुणी हसेना, कुणी खोडी काढेना. हवालदार घुटमळत. मग स्वतःच म्हणत, "दोन न्हाई, एक शिपाई बी उचलंल." पुढच्या आठवड्यात ते कलिंगड कृष्णाकाठच्या कलिंगडाएवढं झालं. उन्हाळ्यापर्यंत ते हवालदारांनी स्वतः पाहिलंच नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलं होतं. माणसं लवकर घरी जाऊ लागली. संध्याकाळी चावडीसमोर मी आणि हवालदार दोघंच बसू लागलो. खरं बोलून माणूस एवढा वाळेल असं मला वाटलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी, आठ-दहा माणसं कशीबशी जमलेली असताना, तानूवहिनी घागर घेऊन चावडीवरून चालल्या होत्या. त्या थांबल्या. दीड वर्षानंतर पहिल्यांदा हवालदारांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी होडीत मीबी हुते. मला काय पेटलेलं दिसलं न्हाई. थापा मारतोय मेला."

एकच गलका झाला. शिरपा ओरडला, "आवं, मला दिसलं हुतं!" पण शिरपावर कोण विश्वास ठेवणार? आप्पा मिशीत हसले आणि आपली नजर तेव्हा आभाळाकडे होती असं म्हणाले. कुणीतरी विचारलं, "मग हवालदार, ते कलिंगडबी तसलंच व्हय?" आणि कितीतरी दिवसांनी मंडळींनी मांड्यांवर थापा मारल्या.

मी घाईनं वहिनींना गाठलं. "वहिनी, तुम्ही तर ओंजळीत धरलं होतंत ते पाणी. मी शेजारीच होतो."

"व्हय, धरलं हुतं," त्या म्हणाल्या. "माजा एक दिस घालवून ह्यो गावभर खरा मानूस म्हणून मिरवतोय. मिरवू दीन व्हय मी?"

मागून हवालदारांचा आवाज चढत चढत येत होता. कलिंगड आता चार शिपाई उचलत होते आणि तरी ते हलत नव्हतं. वहिनींनी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि तिथेच थांबल्या. कलिंगड कापून, वाटून, खाऊन होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.