बारा टोपल्यांत काय होतं

वादिराज नागपट्टणमच्या सर्वेक्षण-बोटीवर नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या आईनं, गंगाबाईनं, चार दिवस अबोला धरला. तंजावरच्या राजवाड्यामागच्या त्या मराठी ब्राह्मण घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावला नव्हता. आपलं काम यंत्रावरचं, असं त्यानं तिला समजावलं. बोटीतून समुद्रात आवाज सोडायचा. तो माशांवर आपटून परतला की कागदावर काळा डाग उमटतो. तिथं तासभर जाळं ओढायचं आणि आलेल्या मासळीवरून त्या पट्ट्यात एकूण मासे किती, याचा अंदाज काढायचा. मासळीला शिवायचं काम नाही.

१९६४च्या फेब्रुवारीत कोडिक्करैच्या किनाऱ्यासमोर कागदावर दाट डाग उमटला. जाळं वर आल्यावर वादिराजनं नाकाला रुमाल लावून केबिनच्या दारातूनच विचारलं, किती टोपल्या? जाळ्यावरचा म्हातारा सिंगारवेलू म्हणाला, बारा. वादिराजनं बारा लिहिल्या, गुणाकार केला, अहवाल पाठवला.

त्या आकड्याच्या भरवशावर शेजारच्या गावच्या सहा नावा तिथं गेल्या आणि जेलीफिशनी भरलेली जाळी घेऊन परतल्या. माणसांचे हात कोपरापर्यंत सुजले होते.

वादिराजनं सिंगारवेलूला जाब विचारला. म्हातारा जाळं विणता विणता, मराठी ब्राह्मणांना तिकडं देतात ती मानाची हाक देत म्हणाला, "रायरे, तुम्ही टोपल्या विचारल्या, मी टोपल्या सांगितल्या. आत काय आहे ते बघायला तुम्ही कुठं आलात?"

सर्वेक्षण-कचेरीतल्या साहेबांचा सल्ला होता की पुढच्या महिन्यात आकडा हळूच कमी करावा; चूक कबूल केली तर बोट सोडून ऑफिसातल्या टेबलाशी बसावं लागेल. वादिराजनं एकच मागणं केलं, त्याच जागी आणखी एक फेरी.

पुन्हा तसाच डाग उमटला. जाळं डेकवर रिकामं झालं, तसा तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ढिगापाशी उकिडवा बसला. एकदा कठड्याशी जाऊन ओकला, तोंड धुऊन परत आला. सिंगारवेलूनं हातमोजे पुढं केले आणि कारल हा चपटा, चंदेरी मासा डोळ्यावरून कसा ओळखायचा ते शिकवलं. पुन्हा बाराच टोपल्या भरल्या. तीन मासळीच्या, नऊ जेलीफिशच्या.

वादिराजनं नवा आकडा लिहिला. खाली लिहिलं, फेब्रुवारीचा आकडा चुकीचा, मी मासळी निवडून पाहिली नव्हती. साहेबांनी कागद दोनदा वाचला. शेवटी सही करून म्हणाले, यापुढं प्रत्येक जाळं तूच निवडायचं.

घरी तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि आईला सगळं सांगितलं. गंगाबाई आत गेली, धुतलेलं धोतर घेऊन आली.

"विहिरीवर न्हाऊनशी आत ये," ती म्हणाली. "परत कधी जायचं?"

"सोमवारी."

तिनं आणखी एक धोतर काढून विहिरीजवळच्या दोरीवर टाकलं. ते तिथंच राहणार होतं.