अण्णांचं बातम्यांचं पाकीट

म्हसवडच्या स्टँडवर अण्णांनी सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, "आवं, आज दोन पाकिटं हायत. एक आपिसात द्या, दुसरं माधवनगरला उतरवा." पहिलं पाकीट त्यांच्या बातम्यांचं. दुसरं म्हणजे मी: वय सदतीस, एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि सामानाची खुणा करून संपवलेली यादी. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं वजन लय हाय, अण्णा." सगळे हसले. मीही हसले, गाडी सुटेपर्यंत.

तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला हे सांगायला नको. माझे वडील सांगलीच्या एका दैनिकाचे म्हसवडचे वार्ताहर. दुपारपर्यंत बातम्या लिहायच्या, पाकिटावर 'तातडीचे' असं लिहायचं आणि ते एसटीत द्यायचं, हा त्यांचा दिवस. लोक त्यांना पेपरवाले अण्णा म्हणूनच ओळखत. मी गावात मराठी टायपिंगचे क्लास चालवायचे. त्याच दैनिकात संगणक आले, ते पत्रकारांना शिकवायला टायपिंग येणारं माणूस हवं होतं, म्हणून मला बोलावणं आलं. माधवनगरला खोली मिळाली. फाइल, फ्लॉपी, सेव्ह असे शब्द तोंडात बसले. आईला पत्र लिहितानाही ते मध्येच यायचे.

दुसऱ्या वर्षी ऑफिसनं ठरवलं की मोठ्या गावांतून संगणक आणि मोडेम बसवायचे. बातमी फोनच्या तारेतून येणार. वार्ताहरांनी सांगलीला येऊन शिकायचं आणि ज्याला टाइप करता येईल त्याच्याकडेच गाव राहील. मी अण्णांना पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून पाठवला. टायपिंगच्या मशीनवर असतात तशीच अक्षरं, कारण आमच्या संगणकावर तेव्हा तशीच होती. आईनं कळवलं, जेवताना ताटाच्या कडेवरही यांची बोटं चालतात.

प्रशिक्षणाच्या आदल्या आठवड्यात सगळ्या शाखांसाठी दुसरं सॉफ्टवेअर आलं. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. पुठ्ठ्यावरचं काहीच जागेवर नाही. मी संपादकांकडे दोन महिने मागितले. ते सौजन्यानं म्हणाले की सगळीकडे बसवून झालं, आता थांबता येणार नाही. अण्णांना फोन करावा, तर सांगायचं काय? पुठ्ठा फाडा म्हणून?

ते इस्त्रीचे कपडे घालून आले. सगळ्यांदेखत मला मॅडम म्हणाले. सिद्धनाथाच्या यात्रेची बातमी त्यांनी कीबोर्डकडे न बघता झरझर टाइप केली. पडद्यावर उमटलं त्यातला एक शब्द वाचता येईना. कराडचे वार्ताहर वाकून बघत म्हणाले, "काय अण्णा, कानडी आवृत्ती काढताय व्हय?" वर्ग हसला, अण्णाही हसले. मग मान वर न करता हळूच म्हणाले, "बोटं ऐकंनात गं." एवढं वाक्य मॅडमला नव्हतं.

ज्यांना काहीच येत नव्हतं, ते आठवड्यात तयार झाले. अण्णांना आधी विसरायचं होतं, आणि विसरायला कसं शिकवायचं हे मला येत नव्हतं. अजूनही येत नाही. निकालाच्या कागदावर शिकवणाऱ्याची सही लागायची. ती मी केली. म्हसवड दुसऱ्याकडे गेलं.

पाकीट मात्र थांबलं नाही. वर माझं नाव आलं, 'तातडीचे' तसंच राहिलं. आत रखडलेल्या पुलाची, शाळेच्या पत्र्यांची बातमी, मथळ्यासकट. सुरुवातीला मी ती ऑफिसात नेली. पण म्हसवडची बातमी तोवर तारेतून येऊन पानात लागलेली असायची. रविवारी फोनवर अण्णा एकच विचारायचे, "पोचलं का?" मी म्हणायचे, पोचलं. छापलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

ते दैनिक सोडून आता मी पुण्यात शिकवते. आवाज, फोटो, मजकूर एकत्र गुंफून बातमी सांगायची, याला आम्ही मल्टिमीडिया म्हणतो. ई-मेल कसा पाठवायचा हेही शिकवते. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना कुणीतरी विचारतंच, घर कुठं? मी म्हसवड सांगते. पण डोळ्यांपुढे येतं ते स्वारगेटचं स्टँड. अण्णांचं पाकीट आता इथं येतं. म्हसवडची गाडी लागते, ड्रायव्हर खिडकीतून ते देतो आणि विचारतो, "अण्णास्नी काय सांगू?" पोचलं म्हणा, मी सांगते. गाडी डेपोत जाते आणि मी तिथंच उभी राहते. हातात तातडीचं पाकीट असतं, आणि ते नेऊन द्यायला ऑफिस नसतं.